एक गोदाम, अनेक वह्या

धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे मांजरा नदीच्या परिसरातील तालुक्याचे गाव. भोवतालच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके निघतात आणि सुगीच्या दिवसांत मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात. या मोंढ्यात आपण कल्पनेनेच एक गोदाम उभे करू. त्यात चार आडत दुकानांचा माल एकत्र ठेवलेला आहे आणि चौघांपैकी कोणीही त्यातील माल विकावा, असा त्यांचा करार आहे. गोदामाच्या दारात एक मोठी खतावणी आहे. कोणत्या धान्याची किती पोती शिल्लक आहेत, हे तिच्यात लिहिलेले असते.

गोदाम दुकानांपासून लांब आहे. दर गिऱ्हाइकामागे तिथवर जाऊन खतावणी पाहणे मुनिमांना परवडत नाही. म्हणून प्रत्येक मुनिमाने खतावणीतील लागणारी पाने आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतली. काम झटपट होऊ लागले.

आता पुढे काय घडते ते पाहा. तुरीची शिल्लक १०० पोती. सकाळी पहिल्या दुकानाने ६० पोती विकली आणि मुनिमाने आपल्या वहीत १०० खोडून ४० लिहिले. दुपारी तिसऱ्या दुकानात गिऱ्हाईक आले. तिथल्या वहीत अजून १०० च होते. त्या मुनिमाने ७० पोत्यांचा सौदा केला. गोदामात मात्र आहेत ४० पोती!

चूक कोणाची? दोघांचीही वजाबाकी बरोबर आहे. दोघांनीही आपल्या वहीवर विश्वास ठेवला, एवढेच. वह्या वेगळ्या झाल्या आणि त्यांच्यात एकवाक्यता राहिली नाही.

नेमका हाच प्रश्न अनेक प्रोसेसर असलेल्या संगणकात सेकंदाला कोट्यवधी वेळा उभा राहतो. तो कसा सोडवतात, आणि सोडवताना वेळ वाया जाऊ नये म्हणून कोणत्या युक्त्या योजतात, हे या लेखात पाहू.

वही का लागते?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशेब करणारा भाग. माहिती साठवण्याची मोठी जागा म्हणजे मुख्य स्मृती. ३ गिगाहर्ट्झ वेगाच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे सेकंदाचे तीन अब्ज भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढा असतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीतून एखादी संख्या आणायला मात्र साधारणपणे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ३०० ठोके लागतात. तेवढा वेळ प्रोसेसर हात बांधून बसणार!

यावर उपाय म्हणून प्रोसेसरच्या अगदी जवळ एक लहान पण फार वेगवान स्मृती ठेवतात. तिला 'कॅश' म्हणतात. रोख रकमेशी या शब्दाचा संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा, अशा अर्थाचा हा मूळचा फ्रेंच शब्द आहे. कॅशमधील संख्या एक-दोन नॅनोसेकंदांत हाती येते. मुनिमाला वही उघडायला एक सेकंद लागतो असे मानले, तर गोदामापर्यंतची खेप मिनिटाहून अधिक वेळ घेते, असे हे प्रमाण आहे.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये अशा मदतनीस स्मृतीची कल्पना एका लहानशा शोधनिबंधात मांडली. १९६८ मध्ये आयबीएम कंपनीने जाहीर केलेल्या 'सिस्टीम ३६०, मॉडेल ८५' या संगणकात कॅश प्रत्यक्ष वापरात आली. प्रोसेसर एकच होता, तोवर वहीही एकच होती आणि सारे सुरळीत होते. एकाच स्मृतीवर अनेक प्रोसेसर कामाला लावले, प्रत्येकाला स्वतःची कॅश दिली आणि मोंढ्यातला घोटाळा संगणकात आला.

आज एकाच चकतीवर अनेक प्रोसेसर असतात. त्यांना 'गाभे' म्हणतात. तुमच्या घरातल्या साध्या मोबाईल फोनमध्येही बहुधा आठ गाभे असतील. म्हणजे हा प्रश्न केवळ महासंगणकाचा नाही, तुमच्या खिशातला आहे.

दोन मार्ग : कळवा किंवा रद्द करा

पहिल्या मुनिमाने आकडा बदलला. इतरांच्या वह्या कशा दुरुस्त करायच्या? दोन मार्ग दिसतात.

एक मार्ग असा की, प्रत्येक बदलानंतर नवा आकडा सर्वांना कळवायचा. दुसरा मार्ग असा की, बदल करण्यापूर्वी एकदाच सांगायचे, "तुरीचे पान आपापल्या वहीतून रद्द करा." नवा आकडा ज्याला लागेल, त्याने तो तेव्हा मागून घ्यावा.

कोणता मार्ग बरा? समजा, पहिल्या दुकानात लागोपाठ १० गिऱ्हाइके आली आणि मधल्या काळात इतर कोणी तुरीचे पान उघडलेच नाही. पहिल्या मार्गाने १० निरोप गेले, आणि त्यातले नऊ वायाच गेले. दुसऱ्या मार्गाने एकच 'रद्द' निरोप गेला. पुढे कोणी आकडा मागितलाच, तर आणखी एक देवाणघेवाण झाली. म्हणून आज बहुतेक संगणक दुसरा मार्ग वापरतात. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : वाचणारे कितीही असोत, लिहिणारा एका वेळी एकटाच असावा.

इथे एक खबरदारी लक्षात ठेवा. दोन मुनिमांनी एकाच क्षणी १०० वाचून एकाच क्षणी वजाबाकी केली, तर? तेव्हा पान आधी स्वतःच्या ताब्यात घेऊन वाचणे, वजा करणे आणि लिहिणे या तिन्ही गोष्टी मध्ये खंड न पडू देता कराव्या लागतात. त्यासाठी प्रोसेसरात वेगळ्या 'अखंड' आज्ञा असतात. एकवाक्यता ही त्यांची पायाभरणी आहे.

भोंगा आणि चार शिक्के

निरोप पोहोचवायचा कसा? सर्वांत सोपी सोय म्हणजे मोंढ्यात एक भोंगा लावायचा. कोणालाही पान हवे असले किंवा बदलायचे असले, की त्याने भोंग्यावर ओरडून सांगायचे. बाकीचे कान देऊन ऐकतील आणि आपल्या वहीत ते पान आहे का, हे तपासतील. संगणकात भोंग्याचे काम सर्वांना जोडणारा तारांचा एक सामाईक मार्ग करतो. जेम्स गुडमन यांनी १९८३ मध्ये अशी कान देऊन ऐकण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पण भोंगा एकच, आणि बोलणारे अनेक. म्हणून प्रश्न असा झाला की, ओरडणे कमी कसे करावे? १९८४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी एक सुरेख उत्तर दिले. वहीतील प्रत्येक पानावर चारपैकी एक शिक्का मारायचा.

'बदललेले' : हे पान फक्त माझ्याकडे आहे आणि खतावणीपेक्षा ताजे आहे.
'एकट्याचे' : हे पान फक्त माझ्याकडे आहे, पण खतावणीशी जुळते.
'सामाईक' : हे पान इतरांकडेही असू शकेल. वाचावे, लिहू नये.
'रद्द' : या पानावर विश्वास ठेवू नये.

आता शिक्के कसे बदलतात ते क्रमाने पाहा.

१. पहिल्या मुनिमाने तुरीचे पान मागितले. इतर कोणाकडेच ते नव्हते. शिक्का पडला 'एकट्याचे'.

२. त्याने ६० पोती वजा केली. पान एकट्याचेच असल्यामुळे कोणालाही सांगण्याची गरज नाही. त्याने मुकाट्याने शिक्का 'बदललेले' असा केला.

३. तिसऱ्या मुनिमाने भोंग्यावर तुरीचे पान मागितले. पहिल्याने ते ऐकले आणि आपल्याकडील ताजा आकडा ४० दिला. खतावणीही दुरुस्त झाली. दोघांचे शिक्के 'सामाईक' झाले.

४. तिसऱ्याला १५ पोती विकायची आहेत. तो आधी ओरडतो, "तुरीचे पान रद्द करा." पहिल्याचा शिक्का 'रद्द' होतो, तिसऱ्याचा 'बदललेले' होतो आणि वहीत २५ लिहिले जातात.

तिसऱ्या पायरीने मघाचा ७० पोत्यांचा खोटा सौदा टळला, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. खरी काटकसर मात्र दुसऱ्या पायरीत आहे. 'एकट्याचे' हा शिक्का नसता, तर तिथेही भोंगा वाजवावा लागला असता. संगणकातील बरीचशी माहिती एकच गाभा वापरत असतो. त्यामुळे हा एक शिक्का असंख्य निरोप वाचवतो. आजच्या कितीतरी प्रोसेसरांत या चार शिक्क्यांच्या पद्धतीची भावंडे नांदत आहेत. काहींमध्ये पाचवा शिक्काही असतो. त्याच्यामुळे ताजे पान दुसऱ्याला देताना खतावणी लगेच दुरुस्त करण्याची घाई करावी लागत नाही.

भोंगा अपुरा पडतो

चार दुकानांचे ठीक आहे. चौसष्ट दुकाने असली तर? थोडा हिशेब करू. प्रत्येकाने एकदा भोंगा वाजवला, तर प्रत्येक आवाज बाकीच्या सर्वांना ऐकून तपासावा लागतो. म्हणजे दुकानांची संख्या गुणिले त्याहून एक कमी, एवढ्या तपासण्या होतात.

४ दुकाने : ४ × ३ = १२ तपासण्या
१६ दुकाने : १६ × १५ = २४० तपासण्या
६४ दुकाने : ६४ × ६३ = ४,०३२ तपासण्या

दुकाने सोळापट झाली, पण तपासण्या ३३६ पट झाल्या! आणि त्यांतील बहुतेकांचे उत्तर एकच असणार : "ते पान माझ्याकडे नाही."

यावरचा उपाय कोणत्याही गावच्या पोस्टमनला ठाऊक आहे. एका घरचे पत्र तो साऱ्या गावाला वाचून दाखवत नाही. पत्त्यावर नेऊन देतो. गोदामाच्या कारकुनाने एक नोंदवही ठेवावी. कोणते पान कोणाकोणाच्या वहीत उतरले आहे, हे तिच्यात लिहावे. पान बदलायचे असेल, तर कारकुनाला विचारावे आणि त्याने फक्त संबंधितांनाच 'रद्द' निरोप धाडावा. फ्रान्समधील ल्युसियाँ सेन्सिए आणि पॉल फोत्रिए यांनी १९७८ मध्ये अशा नोंदवहीची पद्धत मांडली होती. पुढे मोठ्या संगणकांना तीच उपयोगी पडली.

पण नोंदवहीलाही जागा लागते. कॅशमधील एक पान, म्हणजे एका वेळी उचलला जाणारा माहितीचा तुकडा, सामान्यतः ६४ बाइटांचा असतो. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून पानात ५१२ बिट. प्रत्येक गाभ्यासाठी 'आहे' किंवा 'नाही' असा एक बिट नोंदवहीत ठेवला, तर किती जागा जाईल?

१६ गाभे : ५१२ पैकी १६ बिट, म्हणजे सुमारे ३ टक्के
६४ गाभे : ६४ बिट, म्हणजे १२.५ टक्के
५१२ गाभे : ५१२ बिट, म्हणजे १०० टक्के!

५१२ गाभे झाले, की नोंदवही गोदामाच्या मालाइतकीच मोठी झाली. ही उधळपट्टी झाली. इथे शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट पाहिली. प्रत्यक्ष आज्ञावल्या चालवून मोजमाप केले, तेव्हा बदलले जाणारे पान बहुतेक वेळा थोड्याच प्रोसेसरांकडे असते, असे दिसले. मग सर्वांसाठी रकाने कशाला? चारच नावे लिहिण्यापुरती जागा ठेवावी. ५१२ गाभ्यांपैकी एकाचा क्रमांक लिहायला ९ बिट पुरतात, कारण दोनाचा नववा घात ५१२ आहे. चार नावांना ३६ बिट, म्हणजे सुमारे ७ टक्केच जागा!

पाचवा वाचक आला तर? त्यावर वेगवेगळे तोडगे निघाले. एक म्हणजे जुन्या चौघांपैकी एकाचे पान रद्द करून जागा मोकळी करायची. दुसरा म्हणजे एकेका दुकानाऐवजी एकेका आळीची खूण करायची. थोडे निरोप वाया जातील, पण चुकणार नाहीत. तिसरा तोडगा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अनंत अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडला. नेहमीची थोडी नावे यंत्राने सांभाळायची आणि क्वचित येणारी गर्दी आज्ञावलीकडे सोपवायची. जे नेहमी घडते ते झटपट व्हावे आणि जे क्वचित घडते ते सावकाश झाले तरी चालेल, हे सूत्र संगणकाच्या रचनेत जागोजागी भेटते.

खोटी भागीदारी

आता एक चमत्कारिक अडचण पाहू. वहीच्या एकाच पानावर तूर आणि हरभरा यांची शिल्लक शेजारी शेजारी लिहिली आहे. पहिला मुनीम फक्त तूर विकतो, दुसरा फक्त हरभरा. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पण ताबा घ्यायचा तो अख्ख्या पानाचा! पहिल्याने तूर लिहिली की दुसऱ्याचे पान रद्द. दुसऱ्याने हरभरा लिहिला की पहिल्याचे पान रद्द. पान दोघांत चेंडूसारखे उडत राहते. हिशेब अचूक होतो, पण काम रखडते. याला 'खोटी भागीदारी' म्हणता येईल.

हे नुकसान किती मोठे असू शकते? आठ गाभ्यांना मोजणीचे काम दिले आहे. प्रत्येकाने १० लाख वेळा आपल्या आकड्यात एक मिळवायचा आहे. आठही आकडे ८-८ बाइटांचे असून एकाच ६४ बाइटांच्या पानावर बसले आहेत. वाईटात वाईट स्थितीत ८० लाख बेरजांपैकी प्रत्येक बेरजेला पानाचा ताबा बदलेल. एका ताबाबदलाला ५० नॅनोसेकंद लागतात असे धरू. एका वेळी ताबा एकाकडेच असल्यामुळे एकूण वेळ झाला ०.४ सेकंद. आता प्रत्येक आकड्याला स्वतंत्र पान द्या. सगळे गाभे एकाच वेळी आपापल्या कॅशमध्ये काम करतील. एका बेरजेला १ नॅनोसेकंद धरला, तर १० लाख बेरजा ०.००१ सेकंदात संपतात. फरक ४०० पट! यंत्र तेच, गणित तेच. फक्त आकडे ठेवण्याच्या जागा बदलल्या.

म्हणून लक्षात घ्या, एकवाक्यतेचा खर्च कमी करणे हे केवळ यंत्र बनवणाऱ्याचे काम नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातातही बरेच काही आहे.

पुण्याचे महासंगणक आणि मराठवाड्याचा पाऊस

भारतात अशा संगणकांची कहाणी पुण्याशी जोडलेली आहे. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात 'ट्रान्सप्यूटर' नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती. ते एकमेकांना निरोप पाठवून काम करत. एकच गोदाम नव्हते, म्हणून वह्या जुळवण्याचा प्रश्नही नव्हता. मात्र कोणता निरोप कोणाला केव्हा पाठवायचा, हे सारे आज्ञावली लिहिणाऱ्याला ठरवावे लागे.

आजचे महासंगणक दोन्ही तऱ्हा वापरतात. ते हजारो 'नोड' मिळून बनलेले असतात. एकेका नोडमध्ये कित्येक गाभे एकच स्मृती वापरतात. तिथे एकवाक्यता यंत्रच सांभाळते. नोडानोडांत मात्र निरोपांची देवाणघेवाण चालते.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक आले. 'अर्क'ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते! या संस्थेने विकसित केलेली आणि २०२५ मध्ये सुरू झालेली अंदाजाची पद्धत पृथ्वीचे ६ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडते. त्याआधीचे चौकोन १२ किलोमीटरचे होते.

चौकोनाची बाजू निम्मी केली की काम किती वाढते? त्याच प्रदेशात चौकोन चौपट होतात. शिवाय हवा एका चौकोनातून दुसऱ्यात निम्म्या वेळात जाते, म्हणून काळाच्या पायऱ्याही दुप्पट घ्याव्या लागतात. एकूण काम सुमारे आठपट! आणि अंदाज वेळेत आला पाहिजे. कळंबच्या शेतकऱ्याला उद्या पाऊस येणार का, हे परवा कळून उपयोग नाही. पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणीचा खर्च त्याच्या माथी बसतो. म्हणून गाभ्यांनी एकमेकांची वाट पाहण्यात घालवलेला प्रत्येक क्षण महाग असतो.

इथे काम वाटण्याची रीत महत्त्वाची ठरते. प्रत्येक चौकोनाचे पुढचे तापमान, वारा, दाब काढायला शेजारच्या चौकोनांचे आकडे लागतात. समजा, ४८ × ४८ चौकोनांचा नकाशा १६ गाभ्यांना वाटायचा आहे. प्रत्येकाच्या वाट्याला १४४ चौकोन येतात.

तीन ओळींचे लांब पट्टे पाडले, तर मधल्या गाभ्याला वरचे ४८ आणि खालचे ४८, म्हणजे ९६ आकडे शेजाऱ्यांकडून घ्यावे लागतात. १२ × १२ चे तुकडे पाडले, तर चारही बाजूंचे मिळून ४८ च. आणि पत्ते वाटावेत तसा एकेक चौकोन एकेकाला दिला, तर प्रत्येक चौकोनाचा शेजारी परकाच! गणित तिन्ही वेळा तेवढेच आहे. देवाणघेवाण मात्र कितीतरी वेगळी आहे. शेताचे तुकडे पाडताना बांध जितका कमी तितकी पिकाची जमीन जास्त, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इथेही तोच न्याय आहे.

न सांगताही जुळते

आणखी पुढचा विचार मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या संगणकशास्त्रज्ञ सरिता अडवे यांचा आहे. अनेक प्रोसेसरांच्या स्मृतीने कोणते नियम पाळावेत, यावर त्यांनी मार्क हिल यांच्यासोबत १९९० मध्ये महत्त्वाचे काम केले. आज्ञावली लिहिणाऱ्याने सामाईक माहिती वापरण्याची शिस्त पाळली, तर यंत्राला बऱ्याच सवलती घेता येतात आणि तरी उत्तर बरोबर येते, असा त्याचा गाभा आहे. इलिनॉय विद्यापीठात त्यांच्या गटाने २०११ मध्ये हीच कल्पना कॅशच्या रचनेला लावून दाखवली.

मोंढ्याच्या भाषेत सांगायचे, तर असे. सर्व दुकानांनी ठरवले की, सकाळच्या सत्रात कोणत्या पानावर कोण लिहिणार, हे आधीच नक्की करायचे. एकाच्या पानाला त्या सत्रात दुसरा हात लावणार नाही. सत्र संपले, की दुसऱ्याने बदललेली असू शकतील अशी आपल्या वहीतील पाने प्रत्येकाने स्वतःच रद्द करायची. आता 'रद्द' निरोप धाडायला नको आणि कोणाकडे पान आहे, याची लांबलचक यादीही नको. शिस्त असली की निरोप कमी लागतात.

मित्रांनो, या साऱ्या युक्त्यांमधून एकच धागा जातो. सर्वांच्या वह्या खऱ्या राहिल्या पाहिजेत, यात तडजोड नाही. काटकसर करायची ती बोलण्यात. ज्याला गरज आहे त्यालाच सांगावे, गरज असेल तेव्हाच सांगावे, आणि शक्य तर सांगण्याची गरजच पडू नये, अशी कामाची वाटणी करावी.

करून पाहा

वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार विद्यार्थी बसवा. फळ्यावर एक बेरीज लिहा : ०. प्रत्येकाला १० चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक संख्या असावी.

पहिल्या वेळी प्रत्येकाने एकेक चिठ्ठी उघडून फळ्यापर्यंत जावे, फळ्यावरच्या आकड्यात ती संख्या मिळवावी आणि परत यावे. एका वेळी फळ्यापाशी एकच जण. दुसऱ्या वेळी प्रत्येकाने आपल्या जागी दहाही चिठ्ठ्यांची बेरीज करावी आणि शेवटी एकदाच फळ्यापाशी जावे. दोन्ही वेळा घड्याळ लावा आणि फेऱ्या मोजा. पहिल्या वेळी ४० फेऱ्या होतील, दुसऱ्या वेळी ४. उत्तर दोन्ही वेळा तेच आले का? नसेल, तर कोणाची बेरीज कुठे हरवली, ते शोधा.

स्वाध्याय

१. भोंग्याच्या पद्धतीत ८ गाभे आहेत. प्रत्येकाने १,००० वेळा निरोप दिला. एकूण किती तपासण्या झाल्या?

२. पान ६४ ऐवजी १२८ बाइटांचे केले आणि गाभे ६४ आहेत. प्रत्येक गाभ्यास एक बिट दिल्यास नोंदवही पानाच्या किती टक्के जागा घेईल? पान मोठे केल्याने दुसरा कोणता तोटा वाढेल?

३. ८ बाइटांचे १६ आकडे १६ गाभे सतत बदलत आहेत. पान ६४ बाइटांचे आहे. खोटी भागीदारी पूर्ण टाळायची, तर एकूण किती बाइट जागा द्यावी लागेल? एरवी किती लागली असती?

४. एक शब्दकोश सर्व गाभे वाचतात, पण कोणीच बदलत नाही. सर्वांनी पाने उतरवून घेतल्यावर त्यावर कोणता शिक्का असेल? 'रद्द' निरोप किती जातील?

उत्तरे : (१) ५६,०००. (२) ६.२५ टक्के, एका पानावर अधिक आकडे बसल्यामुळे खोटी भागीदारी वाढेल. (३) १,०२४ बाइट. एरवी १२८ बाइट. (४) 'सामाईक', एकही नाही.